अवरोधक कुणाचा, आणि कधीचा?

साशंक : अवरोधकाची व्याख्या औषधशास्त्रानं मोठ्या कष्टानं सोपी केली आहे. एक रसायन, त्याचं एक लक्ष्य, आणि त्या लक्ष्याचं काम निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा. हा आकडा बाटलीसोबतच्या कागदावर छापता येतो आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पडताळून बघता येतो. तुमचं म्हणणं असं की पांढऱ्या पेशींच्या बाबतीत हा आकडा पुरत नाही, पेशी निवांत आहे की चेतलेली आहे यावर सगळं ठरतं. मला यात एक पळवाट दिसते. ज्याचा निकाल दुसऱ्याशी जुळत नाही, तो म्हणणार, ‘माझ्या पेशी जरा जास्त चेतलेल्या होत्या.’ मग कुणाचंच काही चुकत नाही आणि कुठलाच वाद निकालात निघत नाही. ‘चेतना’ हा शब्द आधी नीट बांधून घ्या, मग त्याच्यावर काही उभारा.

आग्रही : पळवाटेची भीती रास्त आहे. पण हा प्रश्न न जुळणाऱ्या निकालांची सफाई म्हणून जन्मला नाही. तो एका अगदी स्वच्छ निरीक्षणातून आला. १९३३ साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी पाहिलं की जंतू गिळताना पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन घेतात. गिळायला ताकद लागते म्हणून श्वसन वाढलं, असं कुणालाही वाटेल. मग सायनाइडनं ते थांबायला हवं, कारण मायटोकॉन्ड्रियातलं श्वसन सायनाइडपुढे टिकत नाही. पण हा जादा ऑक्सिजन सायनाइड घालूनही जातच राहतो. १९५९ साली स्बारा आणि कार्नोव्स्की यांनी दाखवलं की गिळण्यासाठी लागणारी ऊर्जा साखर फोडून मिळते. ती वाट बंद केली की गिळणंच बंद पडतं. म्हणजे ऑक्सिजन ऊर्जेसाठी जातच नव्हता. तो जात होता सुपरऑक्साइड तयार करायला, हे बाबिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली सिद्ध केलं. सगळ्या जगाला ठाऊक असलेलं सर्वांत जहाल श्वसनविष इथे निरुपयोगी ठरलं, आणि तेवढ्यावरून कळलं की चेतलेल्या न्यूट्रोफिलमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीत, एक वेगळंच यंत्र चालू झालेलं आहे. निवांत पेशीत त्या यंत्राची जुळणी झालेली नसते. एनएडीपीएच ऑक्सिडेझ या यंत्राचे दोन भाग पेशीच्या पटलात असतात, बाकीचे पेशीद्रवात विखुरलेले असतात. जंतूची चाहूल लागली की द्रवातले भाग पटलाकडे सरकतात, एकत्र बसतात आणि सुपरऑक्साइडचा भडका उडतो. यातला एखादा भाग जन्मतःच नसेल तर भडका उडत नाही, आणि अशा मुलांना बुरशीचे नि जंतूंचे तेच ते संसर्ग होत राहतात. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्थेत अशा मुलांच्या पेशी मुद्दाम चेतवून हेच तपासतात.

साशंक : हे सगळं मान्य. पण तुम्ही जे सिद्ध केलंत ते फारच थोडं आहे. जे यंत्र जुळलेलंच नाही ते अडवता येत नाही, आणि जे श्वसन मायटोकॉन्ड्रियात होत नाही त्याला सायनाइड लागू पडत नाही. यात अवरोधकाचा स्वभाव कुठे बदलला? सायनाइड पूर्वी जे करायचं तेच करतं. तुम्ही त्याला चुकीच्या दारावर पाठवलंत, एवढंच. मला अशी गोष्ट दाखवा जिथे रसायन तेच आहे, पेशी त्याच प्रकारची आहे, अडवायची क्रियाही तीच आहे, आणि तरी चेतनेमुळे परिणाम बदलतो.

आग्रही : कुटकी घ्या. हिमालयात उंचावर उगवणारी ही वनस्पती. तिचं मूळ आयुर्वेदात जुनं, आणि आपल्याकडे आरोग्यवर्धिनीच्या गोळीत तिचा वाटा बाकीच्या सगळ्या घटकांच्या बरोबरीचा असतो. तिच्यात अपोसायनिन नावाचं एक साधं फिनॉल असतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९० च्या सुमारास ते न्यूट्रोफिलवर तपासलं, तेव्हा भडका शमला. पण लगेच नाही, काही मिनिटं गेल्यावर. ही मिनिटं महत्त्वाची आहेत. अपोसायनिन स्वतः फारसं काही करत नाही. चेतलेला न्यूट्रोफिल आपल्या कणिकांमधून मायलोपेरॉक्सिडेझ सोडतो, भडक्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, आणि हे दोघं मिळून अपोसायनिनचं रूप पालटतात. ते पालटलेलं रूप मग पेशीद्रवातल्या पी-४७ या भागाला पटलापर्यंत पोचू देत नाही. म्हणजे भडका सुरू झाल्याशिवाय भडका विझवणारं रसायन तयारच होत नाही. निवांत पेशीपुढे हे रसायन ठेवलं तर ते जवळपास निरुपद्रवी असतं. आता सांगा, ‘अपोसायनिन अवरोधक आहे’ हे वाक्य पेशीची अवस्था सांगितल्याशिवाय पुरं होतं का?

साशंक : हे उदाहरण तुम्ही उत्साहानं मांडलंत, पण याच्याच इतिहासात माझा मुद्दा आहे. भडका न्यूट्रोफिलमध्ये शमतो एवढ्यावरून अपोसायनिनला सरसकट ‘ऑक्सिडेझचा अवरोधक’ हे नाव मिळालं. मग रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्यांनी ते त्याच नावानं विकत घेतलं आणि वाहिन्यांच्या पेशींवर वापरलं. त्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेझ नसतो. परिणाम मात्र दिसले, आणि ‘ऑक्सिडेझ अडला’ म्हणून लेख निघत राहिले. २००८ साली एका जर्मन गटानं दाखवलं की वाहिन्यांमध्ये ते ऑक्सिडेझला अडवत नाही; तयार झालेले ऑक्सिडंट टिपून घेणारा अँटिऑक्सिडंट म्हणून वागतं. म्हणजे कित्येक वर्षं माणसं यंत्र बंद पडल्याचं लिहीत होती, आणि यंत्र चालूच होतं; मोजणीपर्यंत पोचण्याआधी माल उचलला जात होता. पांढऱ्या पेशींवरच्या असंख्य प्रयोगांना हा रोग आहे. ऑक्सिडंट भेटले की उजळणाऱ्या ल्युमिनॉलचा उजेड कमी झाला की भडका कमी झाला असं धरलं जातं. उजेड कमी व्हायला पेशी शांत व्हावी लागत नाही. रसायनानं मधल्या मधे रेणू टिपला तरी पुरतं. तेव्हा चेतनेनं प्रतिसाद बदलला असं म्हणण्याआधी प्रतिसाद मोजला गेला की मोजमापच बिघडलं, हे बघायला हवं. आणि हेही सांगून टाकतो, कारण या गोष्टी लवकर पसरतात : परीक्षानळीतल्या अपोसायनिनवरून कुटकीच्या गोळीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आग्रही : गोळीबद्दल मी काही दावा करत नाही. पण वाहिन्यांचं उदाहरण माझ्याच बाजूनं साक्ष देतं. रसायनाचं नाव एका अवस्थेतल्या एका पेशीवरून पडलं आणि ते नाव अवस्था मागे टाकून पुढे निघालं, म्हणून तो घोळ झाला. कागदावर ‘मायलोपेरॉक्सिडेझ असलेल्या, चेतलेल्या न्यूट्रोफिलमध्ये’ असं लिहिलं असतं तर वाहिन्यांवाल्यांनी आधीच विचारलं असतं, आमच्याकडे तो आहे का? आणि चेतना एकाच दारानं येत नाही, हे तर अजून आपण बोललोच नाही. प्रयोगशाळेत न्यूट्रोफिल चेतवायचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एक, जंतूंच्या प्रथिनांत सापडणारा फॉर्मिल पेप्टाइडचा तुकडा. तो पेशीच्या ग्राहीवर बसतो, तिथून जी-प्रथिनं, मग पुढच्या पायऱ्या. दुसरा, फोर्बॉल एस्टर. हा मूळचा जमालगोट्याच्या तेलातला, आणि तो ग्राही ओलांडून थेट आत प्रोटीन कायनेझ-सी चालू करतो. बुरशीपासून मिळणारं वॉर्टमॅनिन अगदी सूक्ष्म मात्रेत घातलं तर फॉर्मिल पेप्टाइडचा भडका विझतो. फोर्बॉलच्या भडक्याला ते हातही लावत नाही. रक्त एकाच माणसाचं, ऑक्सिडेझ तोच, सुपरऑक्साइड तोच. फरक आहे तो पेशी कुठल्या वाटेनं जागी झाली याचा. तुम्ही अशी गोष्ट मागितली होती.

साशंक : मागितली होती, आणि ही आधीच्यापेक्षा सरस आहे. पण आता तुमचाच शब्द अडचणीत आला. चेतना दोन वाटांनी येते आणि दोन्हींचे अवरोधक वेगळे, तर ‘चेतलेली पेशी’ ही एक अवस्था राहिली का? शिवाय फोर्बॉल एस्टर कुठल्याही जंतूच्या अंगात नसतो. जमालगोट्यातला रेणू देऊन जागी केलेली पेशी म्हणजे प्रयोगशाळेनं घडवलेला प्राणी. आणि निवांत पेशी तरी कुठे मिळते? रक्त काढायचं, घनतेच्या द्रावणावर फिरवायचं, लाल पेशी फोडायच्या, धुवायच्या. एवढ्या हाताळणीत न्यूट्रोफिल अर्धवट सावध होतो. द्रावणात जंतूंच्या विषाचा अंश राहिला तरी तेच. अशी पेशी स्वतःहून भडकत नाही, पण पुढचा इशारा मिळाला की कितीतरी पटीनं जोरात भडकते. तुमच्या तक्त्यात ज्या रकान्यावर ‘निवांत’ लिहिलं आहे, त्यात बहुधा ही अर्धवट जागी पेशी बसलेली असते. तुलना निवांत आणि चेतलेली यांची नसतेच. ती असते कमी चेतलेली आणि जास्त चेतलेली यांची, आणि किती कमी हे कुणी मोजलेलं नसतं.

आग्रही : न्यूट्रोफिल फार हळवा आहे, त्याचं आयुष्यही छोटं. टी पेशींकडे येऊ, तिथे चेतना तासांत आणि दिवसांत उलगडते, त्यामुळे आपल्याला तिच्यात बोट घालता येतं. सायक्लोस्पोरिन नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीतून आलं. १९७२ साली बाझेलला सँडोझच्या प्रयोगशाळेत त्याचा रोगप्रतिकार दडपणारा गुण दिसला, १९७८ साली केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं, आणि प्रत्यारोपणाचं शास्त्र त्यानंतर बदलून गेलं. ते पेशीतल्या सायक्लोफिलिनला चिकटतं, ती जोडी कॅल्सिन्यूरिनला अडवते, आणि वाढीचा इशारा देणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चा जीन उघडत नाही. टी पेशीला इशारा देताना हे औषध असेल तर ती वाढत नाही. एक-दोन दिवसांनी दिलं तर ती खुशाल विभागत राहते. पेरणी होऊन अंकुर वर आल्यावर बियाणं अडवून धरण्यासारखं ते होतं. आता रॅपामायसिन बघा. ते ईस्टर बेटाच्या मातीतून आलं आणि ते जगापुढे यावं म्हणून भारतीय वंशाचे सुरेन सेहगल वर्षानुवर्षं झटले. ते इंटरल्यूकिन-२ तयार होणं थांबवत नाही. इंटरल्यूकिन-२ मिळाल्यावर पेशीनं जो प्रतिसाद द्यायचा तो थांबवतं. म्हणून ते काही तासांनी घातलं तरी लागू पडतं. एकाला चेतनेचा आरंभ लागतो, दुसऱ्याला तिचा मध्य. यात तुमचा एकही आक्षेप बसत नाही : कॅल्सिन्यूरिन निवांत पेशीत आहे, चेतलेल्या पेशीत आहे, औषध दोन्हीकडे त्याला सारखंच अडवतं.

साशंक : आणि तुम्ही नुकतंच माझं म्हणणं मान्य केलंत. औषध दोन्हीकडे कॅल्सिन्यूरिनला सारखंच अडवतं! म्हणजे कागदावरचा आकडा खराच होता. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, निवांत, चेतलेली, तो बदलला नाही. बदललं एवढंच की पेशीला आता कॅल्सिन्यूरिनची गरज उरली नाही. मग ‘चेतनेमुळे अवरोधकाला मिळणारा प्रतिसाद बदलतो’ हे वाक्य चुकीच्या जागी बोट ठेवतं. अवरोधन तेच असतं, अवलंबन बदलतं. या दोन गोष्टी तुम्ही सतत एकत्र बांधता. अपोसायनिनमध्ये रसायनच पालटत होतं. वॉर्टमॅनिनमध्ये वाट बदलत होती. इथे गरज सरली. तीन वेगळ्या घटना आहेत आणि तुम्ही तिघींवर एकच पाटी लावता.

आग्रही : ही विभागणी मी आनंदानं स्वीकारतो, माझ्या मांडणीत ती नव्हती. पण तिच्यातून निघतं काय ते बघा. रुग्णाला आपण औषध देतो ते एन्झाइम अडवण्यासाठी नाही, पेशीचं वागणं बदलण्यासाठी. तुमचा आकडा एन्झाइमचा आहे आणि तो अचूक आहे. रुग्णाच्या अंगात जे घडतं ते अवलंबनावर ठरतं, आणि अवलंबन चेतनेनं हलतं. शिवाय ते नेहमी कमीच होतं असं नाही, कधी ते वाढतं, आणि तिथे या शास्त्राची खरी कमाई आहे. निवांत लिम्फोसाइट (टी किंवा बी पेशी) जुने न्यूक्लिओटाइड परत वापरून भागवते. विभागायला निघाली की तेवढ्यानं पुरत नाही, तिला प्युरीन आणि पिरिमिडीन नव्यानं बनवावे लागतात. पिरिमिडीनचा साठा तर सुमारे आठपट होतो. मायकोफेनोलेट प्युरीनची नवी घडण बंद करतं, आणि तेही एन्झाइमचं जे रूप चेतलेल्या लिम्फोसाइटमध्ये वाढतं त्यावर जास्त नेमकेपणानं. टेरिफ्लुनोमाइड पिरिमिडीनची घडण बंद करतं, मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये ते देतात. निवांत पेशी या औषधांतून बऱ्याच अंशी सुखरूप बाहेर पडतात, त्यांच्यातली जुन्या संसर्गांची स्मृतीही. सगळ्या पांढऱ्या पेशी मारून टाकायच्या त्या जुन्या उपचारांपेक्षा, फक्त उठलेल्या हाताला धरणं किती माणुसकीचं आहे! मी या विषयाला चिकटून आहे तो यासाठी.

साशंक : तुमची कळकळ मला समजते. पण उठलेला हात कशासाठी उठला आहे, हे ही औषधं ओळखत नाहीत. प्रत्यारोपित मूत्रपिंडावर चालून जाणारी टी पेशी चेतलेली असते, तशी क्षयाच्या जंतूवर जाणारीही चेतलेली असते. मायकोफेनोलेटवर असलेल्या माणसाला लस दिली तर त्याच्या पेशी उठायच्याच असतात, आणि त्यांनाही धरलं जातं. शिवाय नव्यानं न्यूक्लिओटाइड बनवण्याची गरज आतड्याच्या अस्तरालाही पडते, म्हणून जुलाब होतात. तेव्हा ‘चेतलेल्याच पेशी’ हा निवडकपणा जितका सांगितला जातो तितका रुग्णाच्या अंगात उरत नाही. आणि दुसरी बाजू तुम्ही अजून काढली नाहीत. चेतना पेशीला औषधापासून वाचवतेही. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियातली बी पेशी रक्तात असताना बीसीएल-२ या एकाच प्रथिनाच्या आधारावर जिवंत असते. ते अडवलं की मरते. लसिकाग्रंथीत तीच पेशी शेजाऱ्यांकडून इशारे घेते, बीसीएल-एक्सएल वगैरे भावंडं वाढवते, आणि बीसीएल-२ अडवण्याला दाद देत नाही. प्रयोगशाळेत असे इशारे देऊन पाहिले तेव्हा एबीटी-७३७ या अवरोधकाला सुमारे हजारपट प्रतिरोध मिळाला. हजारपट म्हणजे औषध असून नसल्यासारखं. आणि तपासणीसाठी आपण काढतो काय, तर रक्त, कारण दंडातून रक्त काढणं सोपं. जी पेशी मरायला आधीच राजी आहे तिच्यावरून आपण ग्रंथीत दडलेल्या पेशीबद्दल अंदाज बांधतो.

आग्रही : म्हणून तर अवस्था आधी मोजा, मग औषध घाला, असं मी म्हणतो. टी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-६९, सीडी-२५ या खुणा दिसतात का. न्यूट्रोफिलवर सीडी-११बी वाढलं का, सीडी-६२एल गळालं का. या खुणा अवरोधकाच्या परिणामावर अवलंबून नाहीत. प्रत्येक निकालाशेजारी त्या छापल्या की तुमची पळवाटेची भीती संपते. आणि ल्युकेमियाच्या उदाहरणातही उपाय याच समजेतून येतो. इब्रुटिनिब बी पेशीचा इशारा तोडतं, तेव्हा पेशी ग्रंथीतून सुटून रक्तात येतात. सुरुवातीला रक्तातली संख्या वाढते. रुग्ण घाबरतो, पण गाठी उतरत असतात. रक्तात आलेली पेशी शेजाऱ्यांपासून तुटलेली असते, बीसीएल-२ वर येऊन पडते, आणि तिथे बीसीएल-२ अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स तिला गाठतं. दोन अवरोधक जोडीनं देण्यामागे अवस्थेचाच विचार आहे. एक औषध अवस्था बदलतं, दुसरं त्या बदललेल्या अवस्थेत काम करतं.

साशंक : खुणा छापा, माझी हरकत नाही, पण त्यांच्यावर फार भार टाकू नका. सावध झालेला न्यूट्रोफिल परत शांतही होऊ शकतो, हे काही इशाऱ्यांच्या बाबतीत दिसलेलं आहे. म्हणजे खूण मोजली तेव्हाची अवस्था आणि औषध पोचलं तेव्हाची अवस्था एकच असेल याची हमी नाही. आणि इब्रुटिनिबच्या गोष्टीत तुम्ही एक पाऊल न सांगता टाकलंत. ग्रंथीतली पेशी रक्तात आली आणि तिचा प्रतिसाद बदलला, असं तुम्ही म्हणता. कदाचित ज्या पेशी पहिल्यापासून बीसीएल-२ वरच जास्त विसंबलेल्या होत्या त्याच ग्रंथीतून सुटल्या, आणि हट्टी होत्या त्या आतच राहिल्या. दोन्ही प्रकारांत रक्तातला नमुना सारखाच दिसेल. पहिल्या प्रकारात पेशी बदलली. दुसऱ्यात कुठलीच पेशी बदलली नाही, फक्त गर्दीतली निवड झाली. हीच शंका टी पेशींनाही लागू आहे. चेतवलेल्या बशीत दुसऱ्या दिवशी ज्या पेशी सायक्लोस्पोरिनला जुमानत नाहीत, त्या बदललेल्या आहेत, की आधीपासून वेगळ्या असलेल्या थोड्या पेशीच वाढून बहुसंख्य झाल्या?

आग्रही : सायक्लोस्पोरिनपुरतं मी उत्तर देऊ शकतो. पेशी पहिल्यांदा विभागण्याआधीच्या तासांतही औषधाचा प्रभाव ओसरू लागतो, आणि विभागणीच झालेली नसताना गर्दीतली निवड इतक्यात होऊ शकत नाही. शिवाय त्याच पेशींना सीडी-२८ चा जास्तीचा इशारा दिला तर त्या सुरुवातीपासूनच सायक्लोस्पोरिनला दाद देत नाहीत, हे १९८७ पासून ठाऊक आहे. तिथे बदल पेशीच्या आतला आहे. ल्युकेमियाच्या बाबतीत मात्र तुमची शंका मला झटकता येत नाही. ती झटकायची तर तीच एक पेशी ग्रंथीत असताना औषधाला कशी वागते आणि रक्तात आल्यावर कशी वागते, हे बघावं लागेल. आणि अवरोधक मारक असेल तर पहिल्या चाचणीतच ती संपते. दुसऱ्या चाचणीला तिची भावंडं घ्यावी लागतात, आणि ती भावंडं खरोखर तिच्यासारखी होती का, हा तुमचाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

साशंक : पेशीला खूण करून तिच्या लेकींचा माग काढता येतो. एका पेशीच्या दोन लेकी, एक इशाऱ्यांत ठेवायची, एक इशाऱ्यांविना, आणि दोघींना एकाच मात्रेत औषध द्यायचं. दोघींचं नशीब वेगळं निघालं तर मी तुमची अवस्था मान्य करीन, निदान त्या वंशापुरती. पण हे बशीत होईल. माणसाच्या ग्रंथीत लेकी वेगळ्या करता येत नाहीत, आणि इब्रुटिनिब दिलं जातं ते माणसाला.

आग्रही : तर मग बशीतल्या लेकींपासून सुरुवात करू. आणि कागदावर एन्झाइमच्या आकड्याखाली दुसरी ओळ छापू : कुठली पेशी, कुठल्या इशाऱ्यानं जागी झालेली, आणि जागी होऊन किती तास झालेले.

साशंक : छापा. पण त्या ओळीत ‘चेतलेली’ हा शब्द नको. इशाऱ्याचं नाव आणि तास पुरेत.